भीमराजची चार हॉटेलं

मोठ्या हॉटेलांचं नाव काढलं की भीमराजला शिसारी येते. आणि ही शिसारी ऐकीव नाही. तीस वर्षं त्यानं त्यांच्याच खोल्या झाडल्या, त्यांच्याच चादरी बदलल्या.

पहिलं हॉटेल मुंबईचं, खानदानी. पितळी मुठी, फेटेवाला दरवान. पाहुणा समोरून आला की नोकरानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, ही तिथली रीत. दुसरं नुसतं काचेचं. तिथं तोंड दाखवायचंच, तेही हसरं. दात दिसतात की नाही हे सुपरवायझर रोज सकाळी रांगेत बघायचा. वडील वारल्याचा फोन आला त्या दिवशीही भीमराज पाळी संपेपर्यंत हसत होता. तिसरं परदेशी कंपनीचं. पाहुण्याला कुठली उशी लागते, त्याच्या कुत्र्याचं नाव काय, सगळं टिपून ठेवलेलं. खोल्या झाडणाऱ्या सगळ्यांचं नाव मात्र एकच, राजू. पाहुण्यांना सोपं पडतं म्हणे. अकरा वर्षं तो राजू होता. थू असल्या थाटावर!

मग तो अकोले तालुक्यातल्या आपल्या गावी परतला, तर भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी चौथं उभं. यांची मिजास गावपणाची. नोकरी मागायला गेला आणि जीभ सैल सोडून बसला: आमच्याकडं पाहुणा आला की घरची बाई गूळपाणी देते, जेवलात का म्हणून विचारते. मॅनेजरनं ते लगेच उचललं. भीमराजला घेतलं आणि त्याच्या बायकोला, भामाबाईला, नऊवारी नेसवून तांब्यासकट फाटकात उभं केलं.

भामाबाई सरळ बाई. पुण्याचं एक कुटुंब म्हणालं, नाही जेवलो. तर ती त्यांना थेट घरी घेऊन गेली आणि नागलीची भाकरी, पिठलं वाढलं. पाहुणे खूश, मॅनेजर लालबुंद. बायकोला समजाव, नाहीतर दोघंही घरी बसा, असं त्यानं भीमराजला बजावलं.

संध्याकाळी चुलीपुढं भीमराजनं समजावलं. "इचारायचं, पन उत्तराची वाट बघायची न्हाई. जेवलात का म्हनायचं नि दुसऱ्या गाडीकडं वळायचं. समद्या हॉटेलांत असंच असतंय. शिकून घे."

भामाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तुमी सुट्टीला घरी यायचा, तवा मला बी इचारायचा, जेवलीस का म्हनून," ती म्हणाली. "नि तसंच आत निघून जायचा."

चार हॉटेलांची मिळून आली नव्हती एवढी किळस भीमराजला त्या घटकेला स्वतःची आली.