नंदूदादा, बाबांचा टीव्ही आणि बिनपंख्याचं ग्राफिक्स कार्ड

नंदूदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी रडायच्या आधी चिडले.

आज वर्ष झालं. राग अजून उतरलेला नाही.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ठाकुर्ली स्टेशनजवळ त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान होतं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. एकटाच राहायचा. आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर त्याने जोडलेला, आणि नंतरचे सगळे पण.

माझे बाबा मानपाड्याच्या कंपनीतून रिटायर झाले आणि लगेच दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. आई नाही. मी सोमवार ते शनिवार ठाण्याला ऑफिसात. त्यांचा वेळ जावा म्हणून मोठा 4K टीव्ही घेतला.

बाबांचे सिनेमे हार्ड डिस्कवर. कित्येक वर्षं जमवलेले. डिस्क टीव्हीला सरळ लावली तर अर्ध्या फाइल उघडेनात. जुन्या कॉम्प्युटरमधून लावली तर चित्र अडकायचं. हिरो दारात दिसायचा आणि एकदम सोफ्यावर. मधली पावलं गायब.

"ग्राफिक्स कार्ड लागेल," नंदूदादा फोनवर बोलला. "सिनेमे बघणार कोण? तू की काका?"

मला वैताग आला. काय फरक पडतो कोण बघणार त्याने?

मग मी स्वतःच रिसर्च केला. तीन आठवडे. एक व्हिडिओ सांगतो हेच घ्या, दुसरा सांगतो हे घेणारे वेडे. मेमरी किती, पोर्ट कुठला, डोकं नुसतं भणभणलं. शेवटी सगळ्यात भारी रिव्ह्यू असलेलं गेमिंग कार्ड ऑनलाइन मागवून टाकलं.

तीन पंखे होते त्याला.

ते कॅबिनेटमध्ये बसेचना.

रविवारी नंदूदादा आला. झाकण उघडं ठेवून, दुसरा पॉवर सप्लाय लावून त्याने ते कसंबसं चालू करून दाखवलं. चित्र एकदम मक्खन. मी खूश.

तो बाबांकडे वळला. "काका, डायलॉग ऐकू येतायत?"

बाबांनी कानातलं मशीन चाचपलं. "नुसती घरघर येतेय रे."

कानाच्या मशीनमध्ये पंख्यांचा आवाज मोठा होऊन येत होता. तीन आठवड्यांत मी बाबांना एकदाही काही विचारलं नव्हतं.

"तुला गेम खेळायचाय की काकांना सिनेमा दाखवायचाय?" नंदूदादा बोलला. "सिनेमाची फाइल दाबून भरलेली असते. ती नीट उलगडणारं कार्ड पाहिजे, बास. छोटं मिळतं. पंखाच नसतो त्याला. माझ्याकडे दुकानात आहे."

मी आधीच ओशाळलेले. त्यात त्याचा तो मास्तरसारखा आवाज.

मी बोलले, "तुला तुझा जुना माल खपवायचाय, सरळ सांग ना."

त्याने स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवला. बाबा म्हणाले, "नंदू, चहा घेऊन जा रे." तो बसला, चहा प्यायला आणि गेला.

मी कार्ड परत पाठवलं. त्याला फोन केला नाही. त्यानेही केला नाही.

तीन महिन्यांनी एका शनिवारी बाबांचा ऑफिसात फोन. आवाजात नुसता आनंद. "अगं, नंदू आलेला. कार्ड बसवून दिलंन. कॉम्प्युटरचा आवाजच नाही! प्रत्येक शब्द कळला मला. तो पण बसला पूर्ण सिनेमा बघत."

मी काय बोलले असेन?

"मला न विचारता कसं बसवलं त्याने?"

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. दुपारी. मी घरी नसताना. मला वाटलं, मला टाळतोय. म्हटलं टाळू दे.

एकदा हाफ डे होता म्हणून लवकर घरी आले. दोघं टीव्हीसमोर. नंदूदादा बारीक झालेला, टोपी घातलेली. मी विचारलं, "डाएट का रे?" तो हसला.

मी बाजूला बसले. सॉरी अगदी तोंडापर्यंत आलेलं.

"कार्ड मस्त चाललंय," मी बोलले.

"हो. चाललंय."

बास. एवढंच.

पुढच्या महिन्यात तो गेला. कॅन्सर. कल्याणला त्याच्या ताईकडे राहून ट्रीटमेंट चालू होती, आणि बाबांना पहिल्या शनिवारपासून सगळं माहीत होतं.

मी बाबांवर ओरडले. खूप ओरडले. "मला का नाही सांगितलंत? मी काहीतरी केलं असतं!"

बाबा शांतपणे म्हणाले, "तो म्हणालेला, तिला सांगू नका. ती दहा डॉक्टरांची नावं काढून माझ्या मागे लागेल. मला इथे फक्त सिनेमा बघायचाय."

त्याचं बरोबर होतं. मी तेच केलं असतं. आणि याचाच जास्त राग येतो. मला इतकं ओळखत होतास, तर एक चान्स द्यायला काय झालेलं?

आज बाबांना घेऊन कल्याणला ताईंकडे जाऊन आले. त्यांनी हट्टाने जेवायला बसवलं. हात धुताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मी काय बोललेले, तो कसा चहा पिऊन निघून गेला.

ताई म्हणाल्या, "मला कधी बोलला नाही गं तो हे."

मला जरा हलकं वाटलं. "मग लागलं नसेल त्याला, ना?"

त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला.

"तसं नाही गं. लागलं की तो बोलायचाच नाही."

नंदूदादा, मी चुकले. माफ कर मला.

तुला आम्हा दोघांचा मनापासून नमस्कार.