मी सोडलेला बिबट्या

"पळ दत्तू! मागं बघू नको! मी हाकतो त्याला, तू पळ!"

केरूनाना ओरडत होते. उसाच्या कडेला बांधावर बसून, डाव्या हातातली काठी दगडावर आपटत, असं काही ओरडत होते की तिकडं आळेफाट्यावर एसट्या जागच्या जागी थांबल्या असतील. आणि मी पळत होतो. एवढं आमच्या सगळ्या राजुरी गावाला पाठ आहे, कारण मीच ते सांगत फिरलोय. पण त्या सकाळी खरं काय झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी सांगतो तो बिबट्या बैलाएवढा आहे. त्याची शेपटी या सरीतून त्या सरीत जाते. मी माघारी फिरलो, त्याच्या मिशांना घासून नानांना पाठीवर घेतलं, त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मान खाली घातली — असं आहे ते. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर माझा सत्कार झाला. शाल, नारळ. वनखात्यानं त्या उसाशेजारी पिंजरा लावला, आत शेळी बांधली. ती शेळी खाऊन खाऊन अशी फुगली की तिला बाहेर काढताना पिंजऱ्याचं दार उतरवावं लागलं.

हसलात? हसा. इथपर्यंत सगळेच हसतात.

केरूनाना आमच्या भावकीतले. अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू निकामी झाली. मुलगा चाकणला कंपनीत, सुट्टीला येणार. घरी सून सुनीता, आणि घर भर उसात, मळ्यात. एका शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली होती, पण ती अंगणापुरती. बांधावर आणली की पहिल्या ढेकळातच चाक रुतायचं. मग नारायणगावला व्यायामाला जायचं कसं? तर माझ्या पाठीवरून. घरापासून रस्त्यापर्यंत पाठंगुळी, पुढं माझी जीप. आठवड्यातून दोनदा. गाव म्हणायचं, दत्तू म्हणजे देवमाणूस. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण मी जन्माचा संशयी. दूधवाला गोड बोलला की मी दुधात बोट घालून बघतो. एका सकाळी नानांच्या उंबऱ्याशी त्यांची उजवी चप्पल दिसली. अंगठ्याजवळ पार झिजलेली, भोक पडायला आलेली. मी तिथंच थबकलो. जो माणूस चालत नाही त्याची चप्पल झिजते कशी?

मग मी पाळत ठेवायला लागलो. एकदा मुद्दाम लवकर गेलो, तर खुर्ची ओट्यावर आणि नाना पार शेवग्याखाली! "हळूहळू आले की, भाऊजी, मला धरून धरून," सुनीता म्हणाली आणि हसली. ते हसणं मला खटकलं. कशाला हसली? कुणाला हसली? नारायणगावच्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "पायात जोर येतोय. न चुकता आणत राहा, काठीवर चालतील." मी त्यातलं 'जोर येतोय' एवढंच ऐकलं.

त्या दिवसापासून नाना जड व्हायला लागले. आधी ज्वारीचं पोतं, मग दोन पोती, मग अख्खी गावची पाण्याची टाकी माझ्या पाठीवर. आणि वर बसून हे अंबारीतल्या राजासारखे बोलणार — "त्या बारकूचा ऊस बघ कसा लोळलाय! लई युरिया मारला व्हता त्यानं." मी मनात म्हणायचो, चालता येतंय म्हाताऱ्याला. मला बैल केलाय यानं.

आणि मग ती सकाळ. अर्ध्या वाटेत नानांना बांधावर टेकवलं. "बिडी ओढून येतो," म्हणालो. आमच्याकडं बिबट्याची थट्टा कुणी करत नाही. घरटी एखादं कुत्रं गेलंय, वासरं गेलीत, आणि वासरांवरच थांबलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच मी तो शब्द निवडला. ज्याला पळता येतं, तो हा शब्द ऐकून बसून राहायचा नाही.

"नाना, बिबट्या! पळा!" — असं ओरडलो आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन लपलो. विटांच्या फटीतून बघत राहिलो.

बिबट्या नव्हता. मुंगूससुद्धा नव्हतं.

नाना काठीवर जोर देऊन अर्धे उठले. डावा पाय पुढं आला. उजवा उचललाच नाही — अंगठा मातीत नांगरासारखा ओढत आला, आणि ती चप्पल कशानं झिजली ते मला तिथं कळलं. नाना परत खाली बसले. आणि मग ते ओरडायला लागले. आधी मला, पळ म्हणून. मग उसाकडं तोंड करून — "ए! हिकडं ये! हिकडं हाय मी!" ते त्याला स्वतःकडं बोलवत होते. मी लांब पोचावा म्हणून.

आणि मी काय केलं? पुढं धावलो? नाही. मी मनात म्हणालो, नाटक करतोय म्हातारा, त्यानं मला लपताना बघितलंय. चप्पल कळल्यावरसुद्धा! त्यांचा आवाज बसेपर्यंत मी त्या फटीला डोळा लावून उभा होतो.

गेलो तेव्हा त्यांचं धोतर ओलं झालं होतं. "तुला लागलं न्हाई ना?" एवढंच विचारलं त्यांनी. रस्त्यावर माणसं गोळा झाली होती. कुणीतरी म्हणालं, "काय झालं राव?" मी तोंड उघडलं आणि त्यातून तो बैलाएवढा बिबट्या बाहेर आला. नाना पाठीवरच होते. ऐकत होते.

पुढच्या खेपेला मी दारात गेलो. नाना म्हणाले, येत न्हाई. मी म्हणालो, लांबच्या वाटेनं जाऊ, फटाके घेऊ, चार माणसं पुढं चालवू. सुनीतानं पदर डोळ्याला लावला, म्हणाली, "मामंजी, पाय सुधरत व्हता की." म्हातारा हलेना. बिबट्या नव्हता, नाना — एवढंच म्हणायचं होतं मला. म्हणालो असतो तर ते त्याच मिनिटाला पाठीवर बसले असते. ते शब्द दातापर्यंत आले होते. पण बाहेर पिंजरा लावायला आलेली माणसं उभी होती, आणि शाल अजून घडी न मोडलेली होती. मी गिळले.

तो पाय आता गुडघ्यात वाकलाय, तो सरळ होत नाही. नाना खाटेवरच असतात. मी अजूनही जातो, बसतो, चहा पितो. कधीकधी ते माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघतात आणि मला वाटतं, यांना कळलंय. त्या दिवशीच कळलं असेल का? मी संशय घेऊ तरी कुणाचा आता?

त्या दिवशी दारात मी शेवटचं विचारलं होतं, "नाना, भ्यालात काय त्याला?"

"न्हाई," नाना म्हणाले. "तुला लेकरं हायेत."