भरलेला डबा परत

"गावात घर कुठल्या बाजूला तुमचं?"

दारातच विचारलं त्यांनी. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. हातात करंज्यांचा स्टीलचा डबा. विचारणारे होते, ज्यांच्या घरी जेवण होतं त्या डॉक्टरांचे काका, पुण्याहून राहायला आलेले. त्याआधी आडनाव विचारून झालं होतं, गाव विचारून झालं होतं. तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून हा तिसरा प्रश्न.

मी खरं ते सांगितलं. वेशीबाहेर. आम्ही बौद्ध.

काका "अस्सं, अस्सं" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या सुमनवहिनींनी, तोवर माझ्या हातातून डबा घेतला होता. उघडायला झाकणाला बोटंही लावली होती. ती बोटं तिथून निघाली. वहिनी गोड हसल्या आणि डबा घेऊन आत कपडे धुवायच्या खोलीकडे गेल्या. बाकी सगळ्यांचे डबे जेवणाच्या टेबलावर होते.

दिवाळीचं एकत्र जेवण होतं ते. ऐंशी सालानंतरची गोष्ट. ऑस्ट्रेलियातलं समुद्रकाठचं मध्यम शहर, पोलादाच्या कारखान्यावर जगणारं. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. माझ्या वडिलांनी देव केव्हाच सोडले होते. मी जायचे ती मराठी ऐकायला. आठवडाभर इंग्रजी बोलून तोंड दुखायचं.

निघताना वहिनींनी डबा हातात दिला. जड लागला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. माझा भरलेलाच परत आला. माझ्याच करंज्यांनी.

"इतकं खायला होतं ना गं, उघडायची वेळच नाही आली."

पुढच्या दिवाळीला वहिनींचा फोन. "तू फक्त कागदी प्लेट्स आण हं. नोकरी करतेस, दगदग नको." मी प्लेट्स नेल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही नेल्या. नवऱ्याला सांगितलं, वहिनींना माझी किती काळजी बघ. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. तरी जात राहिले. त्याची लाज आहेच, पण पुढे मी जे केलं त्याच्यापुढे ती काहीच नाही.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम करत होते. कारखान्यातून माणसं कमी झाली, हायवेवर मोठं शॉपिंग सेंटर उघडलं, आणि मेन स्ट्रीटवरची दुकानं एकेक करून बंद पडली. काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. मग शहराला उभारी आणायची योजना निघाली. रस्ता गाड्यांना बंद करायचा, लाल विटांची फरशी, झाडं, बाकं, बंदराच्या टोकाला कारंजं. नकाशे आमच्या ऑफिसकडे आले. डॉक्टरांनीही त्या रस्त्यावर दुकानं घेऊन ठेवली. मला तर काय अभिमान वाटायचा. वेशीबाहेरची पोर शहराचा मधला भाग आखतेय.

बंदराच्या टोकाला कार्मेलाची खानावळ होती. इटलीहून आलेली, माझ्या आईच्या वयाची बाई. गोदीतले कामगार आणि मासळी साफ करणाऱ्या बायका तिच्याकडे जेवायच्या. दुपारी मीही तिथेच. ती माझ्या डब्यातली चपाती न विचारता मोडून तोंडात टाकायची आणि त्याच डब्यात तळलेले सार्डीन मासे भरून द्यायची. तिच्याकडून माझा डबा कधी रिकामा आला नाही.

आणि नकाशात कारंजं तिच्या खानावळीच्या जागी होतं. मीच काढलं ते. साहेब म्हणाला होता, त्या टोकाचे लोक खुशीने जाताहेत. रोज तिच्यासमोर बसून जेवत होते मी. एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

योजना लोकांना दाखवायला एका शनिवारी दुपारी हॉलमध्ये मॉडेल मांडलं. सगळ्या देशांच्या लोकांनी आपापलं खाणं आणावं, अशी पाटी गावभर लावली होती. शहर किती रंगीबेरंगी आहे ते दिसायला हवं ना. साहेबाने मला साडी नेसून यायला सांगितलं आणि खाण्याची टेबलं माझ्याकडे दिली. वहिनींनी समोसे आणले. कार्मेला पाटी वाचून आली. कामाचा एप्रन काढून ठेवणीतला काळा ड्रेस घातला होता तिने. हातात सार्डीनचा मोठा ट्रे.

वहिनींनी नाकाला पदर लावला. "बाई गं, मासे? आत ठेव ना कुठेतरी."

मी हसले. कार्मेलाच्या हातातून ट्रे घेतला आणि आत नेऊन सिंकशेजारी ठेवला. वरची फॉइलही काढली नाही. त्या वेळी डोकं चाललं नाही, असं मी म्हणणार नाही. चांगलं चालत होतं. वहिनींनी आपल्यातली समजून मला काम सांगितलं, याचं बरं वाटलं होतं.

दुपार सरत आली तशी कार्मेला ट्रे मागायला आली. मी आणून दिला. हातात घेताच तिला वजन कळलं.

"नो गुड?" तिने विचारलं.

"इतकं खायला होतं, उघडायची वेळच नाही आली."

बोलले मी इंग्रजीत. पण वाक्य वहिनींचं होतं. शब्द न् शब्द. आवाजातला गोडवासुद्धा.

कार्मेला ट्रे घेऊन मॉडेलपाशी गेली. बंदराच्या कडेने बोट फिरवत आपली खानावळ शोधायला लागली. बोट निळ्या काचेच्या कारंज्यावर थांबलं. ती काच मी माझ्या हाताने चिकटवली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

तेवढ्यात साहेबाने माइक घेतला. त्या रस्त्यावरचा प्रत्येक दुकानदार आपल्याबरोबर आहे, म्हणाला. मग मला पुढे बोलावलं. नव्या शहराचा नवा चेहरा म्हणे. मी आभाराचे दोन शब्द बोलायचे होते.

मी बोलले. "या बाईंची खानावळ आहे तिथे मी कारंजं काढलंय. त्यांना कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. आणि आज त्यांनी आणलेलं खाणं मी आत लपवून ठेवलं."

मी कार्मेलाकडे गेले आणि टेबलावर मांडायला तिचा ट्रे मागितला. तिने दिला नाही. भरलेला ट्रे छातीशी धरून ती दाराबाहेर गेली.

सोमवारी साहेबाने ते नकाशे माझ्याकडून काढून घेतले. पुढे नोकरीही गेली. कारंजं झालं. शहराला खरंच उभारी आली, खोटं कशाला बोलू. कॅफे आले, शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, रस्त्यावर गाणंबजावणं असतं. एका कॅफेत तळलेले सार्डीन मिळतात, वर लिंबाची फोड. कार्मेला लांब मुलाकडे राहायला गेली. जायच्या आधी एकदा बस स्टॉपवर दिसली. मी हाक मारली. तिने मान फिरवली. बरोबर केलं तिने.

हॉलमधल्या त्या शनिवारनंतरची पहिली दिवाळी आली. वहिनींचा फोन आला. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाल्या. "प्लेट्स आणशील ना?"

"नाही वहिनी. करंज्या आणीन. आणि टेबलावर मी स्वतः उघडून ठेवीन."

"अगं, आम्ही कधी तुला वेगळं मानलंय का?"

"मानलंय. कसं करतात ते मला माहीत आहे. मीही केलंय."

पलीकडे शांतता. आजवर अशी शांतता झाली की मीच घाईघाईने भरून काढायचे. बरं, आणते प्लेट्स, म्हणून मोकळी व्हायचे. या वेळी बोलले नाही. फोनही ठेवला नाही. रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिले. आता बोलायची पाळी त्यांची होती.