बाइंडरकाकांनी शिवलेला पासपोर्ट

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पुस्तकं बांधायचं दुकान आहे, ते चालवणारे बाइंडरकाका शटर अर्धं ओढून आत खोटे पासपोर्ट बनवतात, ही बातमी पहिल्यांदा इस्त्रीवाल्याने आणली. त्याला ती दूधवाल्याने दिली होती, आणि दूधवाल्याने म्हणे पोलिसाला दुकानात शिरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींपर्यंत पोचेतो एका पोलिसाचे तीन झाले होते आणि पासपोर्टांची गोणी भरली होती. मावशी सांगायच्याही अशा, की ती गोणी जिन्यावरून उतरवायला त्यांनीच हात लावला असावा.

खरं ते एवढंच. पोलीस आला होता, एकच. दोन तास बसला, हेही खरं. तो आला होता पत्त्याची खात्री करायला. ते काम पाच मिनिटांत झालं. उठता उठता त्याने खिशातली डायरी काढली, पानं सुटलीत, जरा टाके घालून देता का म्हणाला. काका दोन पावलं मागे सरले. सरकारी वस्तूला आपण हात लावत नाही, म्हणाले. डायरी सरकारी नाही, बायकोने घेऊन दिलीय, हे पोलिसाने परोपरीने सांगितलं. काका हात पाठीमागे बांधून उभे. शेवटी त्यांनी सुईदोरा पोलिसाच्या हातात दिला आणि लांबून कुठे टोचायचं ते सांगत राहिले. म्हणून दोन तास.

आणि पासपोर्ट होता एकच, काकांचा स्वतःचा, सरकारने दिलेला, अस्सल. काकांनी तो फक्त बांधला होता.

आता बांधला म्हणजे काय, ते काकांना ओळखणाऱ्यालाच कळेल. चाळीस वर्षं हा माणूस सुटलेली पानं जागच्या जागी बसवतोय. कोर्टाच्या वह्या, शाळेचे नकाशे, देवळातल्या पोथ्या, कुणाच्या आजोबांच्या रोजनिश्या. कुठल्याही घरी गेले की आधी पाणी घेत नाहीत, आधी समोरचं पुस्तक उचलून त्याच्या कण्यावरून अंगठा फिरवतात. लोक माणसाचा चेहरा बघतात, काका पुठ्ठा बघतात. बोलणं मात्र अर्धवट. वाक्य सुरू करतात, मध्येच सोडून देतात, आणि उरलेलं समोरच्याने पुरं करावं अशा आशेने बघत राहतात. काकू ते पुरं करतात, पण बहुधा वेगळंच.

तर परदेशात असलेल्या त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलीच वेळ. दोघांनी तिच्याजवळ असावं असं ठरलं, जावयाने बावीस तारखेची तिकिटं काढली. लेक फोनवर म्हणाली, बाबा, पासपोर्ट बघून ठेवा, इथली माणसं फार कडक आहेत. काकांनी कपाटातून पासपोर्ट काढला. मुदत अजून तीन वर्षांची होती. पण ओल लागून वरचं कव्हर सुटलं होतं, मधली चार पानं लोंबत होती आणि दोऱ्याला पीळच उरला नव्हता. काकांना शरम वाटली. चाळीस वर्षं धंदा करून परक्या देशात हे असं लक्तर घेऊन उभं राहायचं?

चार दिवस ते त्याच्यामागे होते. जुना दोरा उसवला, मेण लावलेल्या दोऱ्याने पानं पुन्हा शिवली. पानापानांतून टोचलेल्या नंबराची भोकं एकाखाली एक अशी जुळवली, की उजेडात धरल्यावर आरपार दिसावं. तिन्ही कडा किंचित कापून सारख्या केल्या, कव्हराला आतून पक्का पुठ्ठा दिला, पुसट झालेली सोनेरी अक्षरं उजळली. मग शिकंजात, म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायच्या त्यांच्या लोखंडी चापात, दोन रात्री आवळून ठेवला. आणि सगळं झाल्यावर हात थांबेना म्हणून खूण ठेवायला एक लाल फीतही लावली. काकूंचाही पासपोर्ट मागितला. काकूंनी दिला नाही. माझा फाटका बरा, म्हणाल्या.

व्हिसाच्या खिडकीत बसलेल्या मुलीचा आवाज नाकातून यायचा, आणि ती 'पुढचे' हा शब्द असा ओढायची की रांग आपोआप सरकावी. काकूंचे कागद तिने घेतले. काकांचा पासपोर्ट उघडला आणि ती ओढायची थांबली. फीत बाहेर लोंबली होती. तिने फितीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, परत फितीकडे. हे काय आहे, विचारलं. खूण, काका म्हणाले, म्हणजे पान चटकन… आणि वाक्य सोडून दिलं. मुलीने ते पुरं केलं नाही. पासपोर्ट परत सरकवला. नवा करून आणा, हा चालणार नाही.

काकांना वाटलं, फीत नडली. बाहेर येऊन त्यांनी ती कापून टाकली आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. मुलीने उघडून न बघताच 'पुढचे' म्हटलं.

बावीस तारखेला अठ्ठावीस दिवस होते.

पासपोर्टच्या कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून एक फॉर्मवाला बसायचा. त्याचं बोलणं फॉर्मसारखंच, रकान्यारकान्यांत. नाव? पत्ता? कारण? कारणाला तीन चौकटी होत्या. मुदत संपली, हरवला, खराब झाला. काका तिन्ही वाचून बुचकळ्यात पडले. मुदत आहे. हरवलेला नाही, हा काय हातात. आणि खराब होता तो आधी, आता तर चांगला झालाय. चौथी चौकट नाही का? फॉर्मवाल्याने चष्म्यावरून बघितलं आणि हळूच म्हणाला, "हरवला लिहा. सोपं पडतं."

"पण खिशात आहे."

"मग खिशातून बाहेर काढूच नका."

काकांना खोटं बोलणं जमत नाही, कारण त्यालाही वाक्य पुरं करावं लागतं. त्यांनी तिन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या. रिकाम्या चौकटी पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडल्या, दुसरीने म्हटलं साहेबांना भेटा, साहेब रजेवर, मग आठवड्याने या. आठवड्याने साहेबांच्या जागी मॅडम होत्या. दिवस उरले एकवीस.

मॅडम शांत होत्या. त्यांनी पासपोर्ट उघडून टेबलावर ठेवला. तो सपाट उघडा राहिला. इतर पासपोर्ट लगेच मिटतात. त्यांनी पानं उलटली, कण्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरून भोकं बघितली.

"कुणी केलंय हे?"

"मीच," काका म्हणाले.

"सुंदर केलंय."

आठवडाभरात पहिल्यांदा काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काकूंकडे असं बघितलं, की बघ, जाणकार माणूस भेटायला हवा होता.

"मधलं एक पान काढून तुम्ही दुसरं घातलं असतंत," मॅडम म्हणाल्या, "तर मला कळलं असतं का?"

प्रश्न कामाचा होता. काकांनी डोळे मिटून नीट विचार केला. काकू कोपराने ढोसत होत्या, पण कामाच्या प्रश्नाला ते नेहमी खरंच उत्तर देतात. "नाही. माझ्या हातचं कळायचं नाही."

"म्हणूनच हा चालत नाही, काका. ओबडधोबड चिकटवला असतात तरी बदलावाच लागला असता. पण एवढी शंका आली नसती."

काकांना काही सुधरेना. टाका दिसता कामा नये, हे त्यांच्या उस्तादांनी छडी मारून शिकवलं होतं. दिसला की उसव, पुन्हा घाल. आणि इथे टाका दिसत नाही हाच गुन्हा. म्हणजे आयुष्यभर जे बरोबर होतं ते या दारातून आत आल्यावर चूक कसं होतं? त्यांनी हे विचारायला सुरुवात केली. "म्हणजे मी जर वाईट…" म्हणाले आणि थांबले. मॅडमनी समोर एक कागद ठेवला. त्यावर छापलेलं होतं, माझ्या हातून पासपोर्ट खराब झाला आहे. खाली सहीची जागा.

काकांनी पेन उचललं, पण ते टेकवेनात. माझ्या हातून. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक पान खराब झालेलं नाही. कोर्टाची वाळवी लागलेली वही त्यांनी उभी केली होती. 'दुरुस्त झाला' असं लिहू का, त्यांनी विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. 'दुरुस्त करताना'? मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मागे रांगेतला एक माणूस मोठ्याने सुस्कारा टाकून म्हणाला, आजोबा सही करतायत की पुस्तक लिहितायत.

तेव्हा काकू बोलल्या. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "माझा व्हिसा आलाय. मी जाणार. बाळ झाल्यावर तिने विचारलं बाबा कुठेत, तर मी सांगेन, हाताचं नाव राखत घरी बसलेत."

काकांनी सही केली. सहीचं शेवटचं अक्षर पुरं झालं नाही, मॅडमनी ते पुरं करायला लावलं. मग रीतीप्रमाणे जुन्या पासपोर्टचा कोपरा कापायला कात्री काढली. कात्री बोथट. पुठ्ठा जाड. कोपरा कापला जाईना, चघळला जायला लागला. काकांनी तोंड वळवलं, पण राहवेना. मी सरळ कापून देऊ का, त्यांनी विचारलं. मॅडमनी निमूटपणे कात्री त्यांच्याकडे दिली. काकांनी आपलंच काम एका फटक्यात, सुतात कापलं. घरी परतताना जिन्यात भेटले तेव्हा मी काय झालं विचारलं, तर म्हणाले, कोपरा चांगला निघाला. पुढचं वाक्य नाहीच.

मग पोलीस आला, दोन तास बसला, मावशींची गोणी भरली. नवा पासपोर्ट आला तो सोळा तारखेला, आणि व्हिसा एकवीसला दुपारी. काकू पाच दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. काका दुकानात बसून कोरे कागद दुमडत होते आणि उलगडत होते.

विमानाला निघायच्या दिवशी त्यांनी मला पासपोर्ट दाखवला. म्हणजे लांबून. मागच्या कव्हराचा कोपरा चिकटला नव्हता, मशीनने घाईत केलेलं काम, खालची कड तिरकी. काका त्या कोपऱ्याकडे बघत होते ते मला बघवेना. मी म्हणाले, तुम्ही तिथे आठ दिवसांत याला खळ लावणार. नाही, ते म्हणाले. मी म्हणाले, पैज. लावलीत तर माझ्या सगळ्या वह्या चामड्यात बांधून द्यायच्या. नाही लावली तर महिनाभर मी तुमची नक्कल करणार नाही. जिन्यात नाही, गच्चीवर नाही, मावशींनी कितीही आग्रह केला तरी नाही. काकांनी, आयुष्यात एकदाच असेल, वाक्य पुरं केलं. "लागली पैज," म्हणाले आणि टॅक्सीत बसले.

बाळ त्यानंतर सहाव्या दिवशी झालं. मुलगी. काकूंनी फोनवर सांगितलं की हे दवाखान्याच्या बाकावर रात्रभर होते आणि नर्सच्या नोंदवहीचा पुठ्ठा सुटलाय म्हणून तळमळत होते, पण हात खिशात.

तीन महिन्यांनी परत आले. सामान वर चढवायच्या आधी त्यांनी पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कोपरा आता चांगला बोटभर उघडा पडला होता, आतला कागद भुरभुरला होता. मी खिडकीशी नेऊन कण्यात टाके शोधले. कडेवरून नख फिरवलं. मग नाकाला लावून खळीचा वास घेतला.

नव्हता. मी पैज हरले.