अपेंडिक्सचा म्हणून सांगितलेला व्रण

तंजावूरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कल्याणराम मदतनीस होता. चौदा वर्षं काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडण्यात गेली. मुलं त्याला पाठीमागे ‘तुळी सार’ म्हणत. तुळी म्हणजे तमिळमध्ये थेंब, आणि सार म्हणजे सर. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही असे, पण तसं दाखवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

म्हणूनच डॉक्टर भुवनांनी पुढे सरकवलेल्या कागदावर ०.३ मिलिलिटर हा आकडा पाहिला, तेव्हा तो किती हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. सहा थेंब. निदान तीसेक तरी असावे लागतात, असं बाई म्हणाल्या. मूल होण्यासाठी शुक्रजंतू लागतात हे खरं, पण त्यांना वाहून नेणारा द्रवच पोचला नाही तर ते तरी कुठं पोचणार?

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं असेल. बाईंनीही तेच विचारलं. बाटलीत घेताना सांडलं का? मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर होतं का? साखर, रक्तदाबाच्या गोळ्या, असलं काही? त्यानं मान खाली घालून सगळ्याला नाही म्हटलं. आठवड्यानं पुन्हा तपासलं, तर चारच थेंब.

खरं तर थोडं कमी आहे हे त्याला कधी कळलंच नव्हतं. किती असायला हवं हे माहीत असलं तर कमी कळणार. असल्या गोष्टी तो कुणाला विचारणार होता?

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बायको सुप्रभा ही त्याच्या सख्ख्या आत्याची, सुंदरीची मुलगी. तिकडं आत्याच्या मुलीशी लग्न ही घरातलीच गोष्ट. लहानपणापासून बरोबर वाढल्यामुळे ती त्याला लग्नानंतरही अरे-तुरेच करी. ती तिरुवैयारूला गाण्याच्या शिकवण्या घ्यायला रोज बसनं जाई. नऊ वर्षांत तिनं काय नाही केलं? गोळ्या, सुया, पोटात नळी घालून करायची ती तपासणी, जिच्यानंतर दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून निजून होती. दर शुक्रवारी उपास, पिंपळाला प्रदक्षिणा. ‘यजमानांनाही घेऊन या’ असं कुणी डॉक्टर म्हणाला की कल्याणचे वडील अनिरुद्धराव म्हणत, आमच्या वंशात तसला दोष नाही. आणि पुढच्या महिन्यात दुसरा डॉक्टर शोधत. दवाखान्यात जायला रिक्षा तेच ठरवत, गोळीची वेळ झाली की पाण्याचा तांब्या तेच आणून देत. मामांसारखा सासरा नशिबानं मिळतो, असं सुप्रभा चारचौघींत सांगे. शेवटी यंदा कल्याणच आपण होऊन भुवनाबाईंकडे गेला होता.

बाईंनी त्याला टेबलावर निजायला सांगितलं. बेंबीच्या खाली, मधोमध, आडवा जुना व्रण होता.

“हा कशाचा?”

“अपेंडिक्सचा. सहा वर्षांचा होतो.”

बाईंनी व्रणावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “अपेंडिक्स उजवीकडे असतं, सार. मधे नसतं. घरी नीट विचारा.”

एका तपासणीनं उरलेला उलगडा झाला. संबंधानंतरची त्याची लघवी तपासली, तर हरवलेले सगळे शुक्रजंतू तिच्यात सापडले. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाच्या तोंडाशी एक स्नायू असतो. वीर्य सुटताना तो आवळला जातो, म्हणून ते बाहेरच्या वाटेनं येतं. लहानपणी लघवी तुंबत असेल तर कधीकधी ते तोंड कापून रुंद करतात. जीव वाचतो, मूत्रपिंडं वाचतात, पण मोठेपणी दार मिटत नाही आणि वीर्य उलटं आत जातं. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पत्ता लागत नाही. उपाय होता. आधी औषधानं लघवीचा आंबटपणा घालवायचा, मग तिच्यातून जंतू वेगळे काढून धुऊन वापरायचे. नऊ वर्षांपूर्वी हे बरंच सोपं गेलं असतं, कारण तेव्हा सुप्रभा तीस वर्षांची होती.

घरी आला तेव्हा अनिरुद्धराव ओसरीवर घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसले होते. कल्याणनं चप्पलही न काढता विचारलं, अप्पा, माझं कसलं ऑपरेशन झालं होतं?

त्यांनी शेंग खाली ठेवली. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या पदरात घालायला हवं. मद्रासच्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, मोठा झाल्यावर अडचण येईल, लग्नाआधी दाखवून घ्या. आई बिचारी तेव्हापासून धसका घेऊन होती, तो कॉलेजात असतानाच गेली.

“मग दाखवलं का नाही?”

“दाखवलं असतं तर गावभर झालं असतं. इथं आपली मराठी घरं किती? बोटांवर मोजण्याइतकी.”

“आणि सुप्रभा?”

अनिरुद्धरावांनी शेंग पुन्हा उचलली. “बाहेरच्यांनी चौकशी केली असती,” ते म्हणाले. “सुंदरी माझ्या शब्दाबाहेर विचारणार नाही, हे ठाऊक होतं.”

मग त्यांनीच समजूत घातली. उपाय आहे ना, तो कर. आत्ताच कळलं म्हण. मला आधी माहीत होतं हे तिला सांगून कुणाचं भलं व्हायचंय?

ती दुपार कल्याणरामनं कशी काढली ते त्यालाच ठाऊक. न सांगावं तर तोही बापाच्या पंक्तीला बसणार होता. सांगावं तर घर मोडणार होतं. संध्याकाळी सुप्रभा बसमधून उतरून आली, पाय धुतले, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “तुला खरंच माहीत नव्हतं?”

नाही म्हणाला. पण ते कशानं सिद्ध करायचं हे त्याला सुचेना, आणि तिनंही विश्वास ठेवला असं म्हटलं नाही. थोड्या वेळानं तिनं सांगितलं, मामांना आपल्या तोंडानं माझ्या अम्माला सांगू दे. मग मी उपचाराचं बघेन.

अनिरुद्धराव चार दिवस निघायचं टाळत राहिले. पाचव्या दिवशी, रविवारी, बापलेक दोघं तिरुवैयारूला सुंदरीच्या घरी निघाले. सुंदरीनं भावाला पाहून लगबगीनं कॉफी केली, डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, घालून पुढे ठेवली. म्हातारा कावेरीच्या पाण्यावर बोलला, भाताच्या लावणीवर बोलला. मग घसा खाकरून म्हणाला, “सुंदरी, मुलात दोष निघाला गं. लहानपणचा आहे. आत्ता कळलं आम्हाला.”

आत्ता कळलं. कल्याणरामला वाटलं, आपण चुकून ऐकलं. सुंदरी उठून त्याच्याजवळ आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, असू दे रे, तू काय मुद्दाम केलंस?

तो हात डोक्यावर असतानाच तो बोलला. “आत्ता नाही, अत्ते. अप्पांना मी सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. लग्न ठरवलं तेव्हाही होतं.”

सुंदरीचा हात थांबला. ती भावाकडे वळली.

“अण्णा, माझी मुलगी दर खेपेला इथं येऊन रडून जायची. तू बाहेर ह्याच कट्ट्यावर बसलेला असायचास.”

अनिरुद्धरावांनी डवरा खाली ठेवला. ती आत निघून गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

कल्याणरामनं परसात जाऊन सुप्रभाला फोन लावला.

“सांगितलं,” तो म्हणाला.

“कोणी?”

त्याला क्षणभर बापाचं नाव घ्यावंसं वाटलं. “मी,” तो म्हणाला. “अप्पा म्हणाले, आत्ता कळलं.”

पलीकडे कपाटाचं दार वाजलं. मग ती म्हणाली, “मी अम्माकडे राहायला येते. सोमवारी आस्पत्रीत डॉक्टरबाईंकडे येईन, तू तिथं थेट ये. मामांना बसमध्ये बसवून दे, बरोबर जाऊ नकोस.”

त्यानं तसंच केलं. गाडी निघाली तेव्हा म्हातारा खिडकीतून काहीतरी सांगत होता. कल्याणरामनं कान दिला नाही. तो परत फिरून आत्याच्या मिटलेल्या दाराशी गेला, आणि दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिला.