बापानं बोलायचं नाही

मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात गेल्या आठ-दहा वर्षांत ज्या कुणाला मनाजोगतं कॉलेज मिळालं असेल, त्याला ते एक तर नशिबानं मिळालं किंवा माझ्या साडूंमुळे. यात नशिबाचा वाटा फारसा नसावा, असं साडूंचं प्रामाणिक मत आहे. नाहूर स्टेशनबाहेर ते भाजी घेताना दिसले की अकरावी-बारावीतल्या मुलांच्या आया पिशव्या खाली ठेवून त्यांच्याभोवती गोळा होतात आणि मुलं रस्ता ओलांडून पलीकडे जातात. कारण आया विचारतात, "कुठलं कॉलेज चांगलं हो?" आणि साडू त्यांच्याकडे न बघता मुलाला विचारतात, "रविवारी तुला कुणी काहीच सांगितलं नाही, तर तू काय करतोस?" या प्रश्नाचं खरं उत्तर आईसमोर देऊ शकेल असं मूल आमच्या मुलुंडात अजून जन्माला यायचंय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही भावोजीच म्हणतो. मरोळच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं ते प्रेशर कुकरची झाकणं तपासत होते. तिथं जगाचे दोनच भाग होते, पास आणि रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर झाकणं संपली, पण सवय कुठे संपते? शर्टाच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी आणि एक भिंग अजून असतं. आमच्याकडे जेवायला आले की पानावर बसण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन कुकरची शिटी उचलून बघतात. बायकोनं हौसेनं आणलेला एक कुकर त्यांनी पाच वर्षांपूर्वी रिजेक्ट केला होता. तो तेव्हापासून माळ्यावर आहे आणि आम्ही जुन्यातच वरण शिजवतो. अशा माणसाच्या हाती फावला वेळ आला आणि त्याच सुमाराला त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला कॉलेज शोधायचं निघालं, हा मुंबईच्या शिक्षणक्षेत्राचा मोठाच योग म्हटला पाहिजे.

कॉलेजचं माहितीपत्रक ते हातातसुद्धा धरत नाहीत. "माहितीपत्रकात हिरवळ असतेच रे," ते म्हणतात, "मला नळाला पाणी दाखव." त्यांची तपासणी मुलांच्या स्वच्छतागृहापासून सुरू होते. मग वाचनालयात जाऊन सगळ्यात खालच्या फळीवर बोट फिरवून धूळ बघायची, मग कँटीनमध्ये अर्धा तास बसून मुलं एकमेकांशी बोलतात की नुसती मोबाइलशी, ते बघायचं. शेवटी गाठायचा तो शिपाई. प्राचार्यांना ते भेटत नाहीत. "प्राचार्य सांगतात ते कॉलेज पुढच्या वर्षीचं असतं, शिपाई सांगतो ते आजचं." अंधेरीच्या एका कॉलेजात भिंग लावून पाण्याच्या टाकीवरची तारीख वाचताना त्यांना कुणीतरी पाहिलं आणि तपासणी समिती आली अशी बातमी पसरली. भावोजींना ऑफिसात नेऊन चहा-बिस्किटं दिली, आणि दोन वर्षं बंद असलेला मुलींच्या बाजूचा नळ आठवड्याभरात सुरू झाला. आपण कोण हे भावोजींनी सांगितलं नाही. त्यांना तसं कुणी विचारलंच नाही, असं ते म्हणतात.

पण त्यांचा खरा नियम पालकांसाठी आहे. आमच्या उपनगरांत मूल अकरावीत गेलं की सगळं घर अकरावीत जातं. आई म्हणते, आमचं केमिस्ट्री कच्चं आहे. बाप म्हणतो, आम्ही मॅथ्स ठेवलंय. घाटकोपरचे एक गृहस्थ "आम्ही यंदा बारावीला" म्हणाले, तेव्हा भावोजींनी "वडील-मुलगा एकाच वर्गात का?" असं गंभीरपणे विचारलं होतं. तर नियम असा, की कॉलेज बघायला आईबापांनी जरूर यावं, पण फाटकातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विचारायचं ते मुलानं. यासाठी भावोजी लिमलेटच्या गोळ्यांची पुडी बाळगतात आणि फाटकाशी प्रत्येक पालकाच्या तोंडात एक गोळी घालतात. ती विरघळायच्या बेताला आली की दुसरी. मुलुंडच्या एका बाईंनी दोन कॉलेजांत मिळून अकरा गोळ्या खाल्ल्या. त्यांचा मुलगा, ज्याला लाजाळू म्हणून सगळे ओळखत होते, तो त्या दिवशी प्रयोगशाळेच्या मदतनिसाशी पाऊण तास वाद घालत होता. त्याला हव्या त्या कॉलेजात त्यानं प्रवेश मिळवला आणि बाईंनी महिनाभर गोड सोडलं.

हे सगळं मी इतरांना फार रंगवून सांगत असे. मग आमची सायली अकरावीत गेली. ती कॉम्प्युटर इंजिनिअर होणार हे मी तिच्या बारशालाच ठरवलं होतं, तिला विचारायचं राहून गेलं होतं इतकंच. एका नावाजलेल्या क्लासमध्ये बारावीसाठी नाव घालायचं होतं आणि सोमवारी शेवटची तारीख होती. त्याआधीच्या गुरुवारी तिनं मला नव्हे, तिच्या काकांना, म्हणजे भावोजींना, फोन करून सांगितलं की तिला मत्स्यविज्ञानाची पदवी घ्यायचीय. आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या भांड्यात उकडतात. मासे म्हणजे फक्त तिच्या टँकमधले. त्या टँकच्या पाण्याची ती वहीत नोंद ठेवायची, आणि बिल्डिंगमध्ये कुणाचा मासा मलूल झाला की तिला बोलावणं यायचं, हे मला दिसत होतं. मी त्याला छंद म्हणत होतो.

"मी असेपर्यंत हे होणार नाही," मी फोनवर भावोजींना सांगितलं.

"नाही म्हण ना," ते म्हणाले, "पण तपासल्याशिवाय रिजेक्ट करायचं नाही. रविवारी सकाळी तिला घेऊन माहुलच्या जेट्टीवर ये. कॉलेज नंतर. आधी वास सोसतो का बघू."

माहुलला एका बाजूला रिफायनरीच्या टाक्या आणि दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. भावोजींच्या कारखान्यातल्या एका सोबत्याची आई तिथं मासळी निवडत बसली होती. भावोजींनी माझ्या तोंडात गोळी घातली, मी नाकाला रुमाल लावला, आणि सायली सरळ जाऊन त्या मावशींसमोर उकिडवी बसली.

"वास नाय येत काय गो तुला?" मावशींनी विचारलं.

"येतो ना. पण ताज्याचा आहे."

मावशी हसल्या आणि त्यांनी तिच्यासमोर एक चिंबोरी सरकवली, खाडीतला जिवंत खेकडा. "मागून धर. नांगी धरशील तर बोट जाईल." सायलीनं मागून धरली, उलटी केली आणि ही मादी आहे म्हणाली. मग जे सुरू झालं ते दीड तास संपलं नाही. कोळंबी कुठल्या भरतीला येते, पूर्वी कुठवर मिळायची, पाण्याचा रंग कधी बदलतो, कल्ले काळपट दिसायला लागले ते कुठल्या वर्षापासून, ती एकामागून एक विचारत होती, आणि मावशी हातातलं काम ठेवून सांगत होत्या. मध्ये एकदा मी "हिला दहावीला गणितात..." एवढं बोललो, तर भावोजींनी दुसरी गोळी घातली.

घरात 'हो', 'नको' आणि 'बघते' या तीन शब्दांवर चालणारी ही मुलगी होती. मी सतरा वर्षं तिचा बाप होतो आणि ती इतकं बोलते, इतकं हसते, हे मला माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त अभिमान वाटला. रुमाल नाकावरून डोळ्यांवर कधी गेला ते कळलं नाही.

निघताना मावशींनी विचारलं, "हिचा बापूस कंचा?" मी शाळेतल्यासारखा हात वर केला. "शिकवा हिला," त्या म्हणाल्या. "मासली कुठं गेली ती आमाला कोनतरी सांगाया पायजे."

सोमवारी मी क्लासमध्ये गेलो नाही.

पुढचं वर्ष सायलीनं झपाटल्यासारखा अभ्यास केला आणि प्रवेशाच्या पहिल्याच यादीत तिचं नाव लागलं. त्या संध्याकाळी भावोजी नाहूरहून पेढ्यांचे चार पुडे घेऊन आले आणि आमच्या सातही मजल्यांवर स्वतः फिरले. प्रत्येक दार उघडलं की म्हणत, "आमची पोरगी मत्स्यविज्ञानाला. पहिल्या यादीत." वॉचमनला दोन पेढे मिळाले. माझ्या आईनं एकदाच विचारलं, "नुसतं शिकायचंय ना? खायचं नाही ना?" आणि नाही म्हटल्यावर तिनंही तोंड गोड केलं. भावोजींनी तिला वाकून नमस्कार केला. एखादा माणूस इतका खूश झालेला मी फार वर्षांत पाहिला नव्हता.

तिला कोकणात कॉलेजला पोहोचवायला मी आणि भावोजी गेलो. हॉस्टेलचे सगळे नळ भावोजींनी उघडून पाहिले, मेसमधलं पातेलं उजेडात धरलं, आणि वॉर्डनबाई आपोआप उभ्या राहिल्या. सायलीनं आम्हाला घाईघाईनं नमस्कार केला आणि तळ्याकडे निघालेल्या मुलींमागे पळाली. मागे वळूनही पाहिलं नाही. बाहेर टपरीवर चहा घेताना मी भावोजींना म्हटलं, "पालकांनी बोलायचं नाही, हे तुम्हाला सुचलं कसं हो?"

त्यांचा एकुलता एक मुलगा कॅनडात मोठा इंजिनिअर आहे. दिवाळीला फोन करतो, आईशी बोलतो, यांना नमस्कार सांगतो. नातेवाइकांत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तो विषय काढत नाही. मला तेव्हा ते आठवायला हवं होतं.

"त्याच्या वेळी मी फार बोललो रे," ते म्हणाले. "अकरावी, बारावी, पुढचं सगळं मीच बोललो. तो गप्प बसायचा. मला वाटायचं, पटतंय त्याला."

चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली.

"परवा मीच फोन लावला त्याला. म्हटलं, आज मी काही बोलत नाही, तू बोल. तर म्हणाला, बाबा, काय बोलू?"

"मग?"

"मग काय. बसलो दोघं फोन धरून. पाच-सात मिनिटं असतील," भावोजी म्हणाले. "पण त्यानं ठेवला नाही."