येणाऱ्याला वाट

जुनं राज्य मोडून भाषावार नवं होत होतं, त्या दिवसांत हैदराबादच्या दिवाणी कोर्टात पुकारा करणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी एकदाच पाहिलं. माझा भाऊ सात वर्षं बेपत्ता होता. इतका काळ खबर नसली तर कायदा माणसाला मेलेला धरतो. वहिनीला दुसरं लग्न करायचं होतं, म्हणून तिने अर्ज केला होता. मी कायदा शिकत होते, म्हणून सोबत गेले.

म्हातारा दारात उभा राहून नाव पुकारायचा, मान तिरपी करून ऐकायचा आणि कुणी आलं नाही तरी अंग चोरून बाजूला व्हायचा.

आमची पाळी येण्याआधी वहिनी त्याला म्हणाली, "चाचा, आमचे हे नाही यायचे आता. त्यांना कशाला हाका मारता?"

"सुने बगैर फैसला नहीं करते, बेटी."

ऐकून घेतल्याशिवाय निकाल नाही, हे तत्त्व मी पुस्तकात वाचलं होतं.

"आणि मग बाजूला का होता?" वहिनीने विचारलं.

"आने वाले को रास्ता होना ना."

त्याने भावाचं नाव तीनदा पुकारलं, जेवायला बोलवावं तशा आवाजात. मग तो बाजूला झाला. त्याची नजर दारापासून हळूहळू आमच्या बाकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. वहिनी सरकली. आमच्यामध्ये एका माणसापुरती जागा झाली.

अर्ज मंजूर झाला.

मलकपेठला घरी परतताना सायकलरिक्षात वहिनी अगदी कडेला बसली. मीही दुसऱ्या कडेला सरकले.